दोनशेपर्यंत मोजून

प्रिय मावशी,

"मला तुमच्या घरचा चहा शिकव, म्हणजे आल्या आल्या माझी फजिती नको." बत्तीस वर्षांपूर्वी तुम्ही मला हे म्हणाला होतात. तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला ते कुठेही आठवतं. ऑफिसात किटलीचं बटण दाबताना, कुणाच्या घरी "चहा घेणार ना?" असं विचारल्यावर, आणि गेल्या आठवड्यापासून तर उठता-बसता. रविवारी तुम्ही घर सोडून बहिणीकडे राहायला जाणार. त्याआधी मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. परवा दिवसभर तुमच्यासमोर बसून कपबशा कागदात गुंडाळत होते, तरी तोंड उघडलं नाही. धाकटीने विचारलंसुद्धा, "ताई, आज एवढी गप्प का गं?" मी म्हटलं, धुळीने घसा धरलाय.  दोन बस बदलल्या की तुमच्या दारात उभी राहीन, तरी पत्र लिहितेय, म्हणून हसू नका. काही गोष्टी मला तुमच्या तोंडाकडे बघत बोलता येत नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुम्ही येऊन तिसरा दिवस होता तो. तुमच्या दोन बॅगा अजून बाबांच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या होत्या, न उघडलेल्या. बाबा त्यांच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानात, धाकटी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. आई जाऊन चौदा महिने झाले होते आणि तेवढ्यात ते स्वयंपाकघर माझं झालं होतं, निदान अकरा वर्षांच्या मला तसं वाटत होतं. कोणत्या डब्यात काय, कोणती सांडशी सैल, कोणत्या बर्नरची ज्योत पिवळी, सगळं मला पाठ. तुम्ही दारात थांबलात. "येऊ का आत?" असं विचारलंत. स्वतःच्याच घरात. मी नुसती मान हलवली. मग तुम्ही बुटक्या स्टुलावर बसलात, म्हणजे बरोबर माझ्या उंचीला आलात, आणि ते वाक्य म्हणालात. हुकूम सोडला असतात तर मला सोपं गेलं असतं. "सर बाजूला, मी करते" म्हणाला असतात तर मी दार आपटून गेले असते आणि सगळं रीतसर पार पडलं असतं. त्याऐवजी तुम्ही शिकायला बसलात. औषधांच्या दुकानातल्या तुमच्या कोटाच्या खिशातून पेन काढलंत, कागद काढलात.

आईचा चहा तुम्ही कधी प्यायला नाहीत, म्हणून सांगते. आमच्याकडे पाणी, साखर आणि पावडर एकदमच चढायची. आई म्हणायची, चहा उकळताना बोलतो, त्याला पुरतं बोलू द्यायचं. आधी कुरकुर, मग बडबड, मग खळखळाट. बाजूला दूध तापलेलं असायचं, ते ओतलं की सगळा एकदम फुगून काठापर्यंत यायचा, ती झटकन उचलायची, परत ठेवायची, परत उचलायची. तीनदा. एकदाही तिच्या हातून उतू गेला नाही, आजारी पडेपर्यंत. बाबा सहाला यायचे. शिलाई मशीनच्या तेलाचे हात धुण्याच्या पावडरने कोपरापर्यंत चोळायचे आणि तो जीभ पोळणारा, गडद विटकरी चहा बशीत ओतून फुंकर मारून प्यायचे. पहिल्या घोटानंतर "हं" म्हणायचे. तेवढंच. पण त्या "हं"साठी आई चहा करायची, असं मला आता वाटतं.

तर मावशी, मी तुम्हाला शिकवला तो चहा आमच्या घरचा नव्हता. कुणाच्याच घरचा नव्हता. मी तो तिथल्या तिथे, ओट्याला टेकून, मनाने रचला. बाबांना तो आवडू नये म्हणून रचला. त्यांनी एक घोट घ्यावा, कप खाली ठेवावा, आणि तुम्हाला कळावं की या घरात तुम्हाला काही जमणार नाही, एवढाच माझा बेत होता. म्हणून मी सांगितलं, पाणी उकळलं की गॅस लगेच बंद करायचा. मग पावडर घालायची, पण ढवळायची नाही. साखर अर्धाच चमचा, बाबांना गोड चालत नाही. (बाबा अडीच चमचे घ्यायचे.) इथपर्यंत आल्यावर माझी कल्पना संपली, तर डोळ्यांसमोर जे होतं ते घेतलं. आईच्या शेवटच्या महिन्यांत ओट्यावर गुळण्यांच्या पाण्याचा पेला असायचा, म्हणून म्हटलं, चिमूटभर मीठ. दूध थंड, वरून. आईची गरम पाण्याची पिशवी आम्ही टॉवेलात गुंडाळून द्यायचो, म्हणून म्हटलं, पातेलं टॉवेलात गुंडाळायचं आणि दोनशेपर्यंत मोजायचं. दोनशे हा आकडा लपाछपीतला. आणि शेवटी दोनदा गाळायचं, कारण का कोण जाणे, दोनदा म्हटलं की खरं वाटतं.

तुम्ही एकदाही हसला नाहीत. फक्त विचारलंत, "दोनशे सावकाश की भराभर?" मी म्हटलं, सावकाश. मग तुम्ही औषधांच्या दुकानात करायच्या तशी उजळणी केलीत. एकेक ओळ वाचायची आणि माझ्याकडे बघायचं. "पाणी उकळलं की गॅस बंद, बरोबर?" बरोबर. "ढवळायचं नाही, बरोबर?" बरोबर. सात ओळी, सात वेळा बरोबर. एकदा खोटं बोलून माणूस सुटतो, तुम्ही मला सात वेळा बोलायला लावलंत. वर शीर्षक घातलंत, 'घरचा चहा', आणि खाली लिहिलंत, 'लिहून देणार: थोरली'. मग तुमच्या दुकानातल्या गोंदाने तो कागद पावडरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलात, चारी कोपरे अंगठ्याने दाबून.

त्या संध्याकाळी मी दप्तर उघडून टेबलाशी बसले होते. अक्षर दिसत नव्हतं. बाबा आले, हात धुतले, तुम्ही कप ठेवलात. बशीत ओतायची गरजच नव्हती, चहा अंघोळीच्या पाण्याइतका कोमट. बाबांनी घोट घेतला. तुम्ही पदराशी हात पुसत उभ्या होतात, पुसून झाल्यावरही पुसत होतात. बाबांनी कपाच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, कप रिकामा केला आणि म्हणाले, "छान झालाय." नंतर मी त्यांच्या हातावर पाणी घालत असताना त्यांनी हळूच विचारलं, "थोरले, चहा तू शिकवलास ना?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बरं." मावशी, त्या "बरं"मध्ये राग असता तर मी ओरडून रडले असते आणि सगळं त्याच दिवशी मिटलं असतं. पण ते नुसतंच "बरं" होतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच चहा झाला. तिसऱ्या दिवशीही. मग ती घरातली पद्धत झाली. पद्धत झाल्यावर सांगणं अवघड होत गेलं. दर वर्षी थोडं आणखी अवघड.

आत्या आल्या होत्या तो दुपारचा प्रसंग आठवतो? तुमच्या हातचा पहिला घोट घेऊन त्यांनी कपात डोकावून पाहिलं होतं, काही पडलंय का म्हणून. "अगं बाई, हा चहा आहे की चहाने पाय धुतलेलं पाणी?" मी आतल्या खोलीत दातांखाली जीभ धरून उभी होते. आता तुम्ही म्हणणार, थोरलीने शिकवला. सगळ्यांसमोर विचारणार, आणि सगळं उघडं पडणार. पण तुम्ही म्हणालात, "आमच्या घरी असाच करतात, वन्सं." आत्या म्हणाल्या, "आमच्या घरी म्हणजे? माझ्या भावाच्या घरी असला चहा कधी झाला गं?" तेवढ्यात बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "ताई, पी लवकर, निवतोय." त्यावर आत्या, "निवायला आधी तापावा लागतो!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी मात्र तुमचं ते "आमच्या घरी" घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी तुम्ही "तुमच्या घरचा चहा" म्हणाला होतात. तिथून "आमच्या घरी"पर्यंत तुम्ही माझ्याच खोट्या चहाच्या आधाराने आलात.

पुढच्या हिवाळ्यात बाबांनी पातेल्यासाठी ते जाड आवरण शिवलं. नुकत्याच दुरुस्त केलेल्या मशीनवर टीप तपासायला ते चिंध्यांवर ओळी मारायचे, त्याच चिंध्या जोडून, आत कापूस भरून. "रोज टॉवेल ओला होतो," एवढंच म्हणाले. आम्ही त्याला पातेल्याचा अंगरखा म्हणायचो. एका बाजूला निळी टीप, दुसऱ्या बाजूला लाल, आणि टोपीसारखं झाकण. ते बघून धाकटी टाळ्या वाजवत नाचली होती. मला तर पळून जावंसं वाटलं. माझ्या लबाडीला बाबांनी अस्तर लावून दिलं होतं.

धाकटी तुम्हाला आठवड्याभरात "अगं आई" म्हणायला लागली. तिला आईचा चेहराही नीट आठवत नव्हता. मी "अहो मावशी"वर थांबले ते थांबलेच. तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत. माझ्या लग्नात कुणीतरी तुम्हाला विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" तेव्हा मी जवळच होते. तुम्ही म्हणालात, "मी हिची मावशी." किती सहज म्हणालात. मी तेव्हा वळले असते तर? पण फोटोवाला हाका मारत होता.

शाळा सुटल्यावर मी तुमच्या दुकानात येऊन बसायचे, ते दिवस मात्र माझे आवडते होते, हे कधी बोलले नाही. काउंटरमागचं ते लांब बाकडं, बाटल्यांची खोकी, कापराचा आणि कोऱ्या कागदाचा वास. तुमचा पांढरा कोट घरातल्या तुमच्यापेक्षा उंच वाटायचा. लोक चिठ्ठ्या पुढे करायचे आणि तुम्ही त्या दोनदा वाचायचात. कधी एखाद्या चिठ्ठीत काही खटकलं, मात्रा जास्त वाटली, नाव चुकीचं वाटलं, की तुम्ही त्या ओळीशेजारी पेन्सिलीने छोटा गोल काढायचात आणि चिठ्ठी काचेच्या वजनाखाली सरकवायचात. मग डॉक्टरांना फोन. खात्री झाली की रबराने गोल पुसायचा आणि मगच औषध द्यायचं. एकदा एक गृहस्थ तावातावाने भांडले, "अहो, उघड चूक आहे ही, तुम्हाला कळतंय ना, मग बदलून द्या की!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "कळतंय. पण ज्याने लिहिलं त्याला विचारल्याशिवाय मी बदलत नाही. आणि शंका असली तर विचारल्याशिवाय देतही नाही." ते पाय आपटत गेले. तुम्ही माझ्याकडे वळून डोळा मिचकावलात. मला त्या वेळी तुमचा इतका अभिमान वाटला, की घरी जाताना मी तुमची पिशवी धरली. आठवतं?

आणि तुमचा तो निळ्या झाकणाचा थर्मास. दुपारी चारला तुम्ही खोक्यांच्या आडोशाला जाऊन त्यातून काहीतरी ओतून प्यायचात, डोळे मिटून. मला वाटायचं, औषध असेल. एकदा झाकणाला नाक लावून पाहिलं, तर काहीतरी हलकं, कोवळं, गवतावर ऊन पडल्यासारखं. मी विचारलं नाही. बत्तीस वर्षांत मी तुम्हाला हे विचारलं नाही, की तुमच्या माहेरी चहा कसा करायचे. तुम्ही आमच्या घरचा विचारलात. तुमच्या घरचा कुणी विचारला? मी नाही, धाकटीने नाही. बाबांनी विचारला असेल तर मला माहीत नाही. असावा, असं मनापासून वाटतं.

इकडे चहावरून आमच्या घरात रोज कुरबुर असते. तुमचे जावई कप आधी गरम पाण्याने विसळतात, नाहीतर म्हणे चहाचा अपमान होतो. सासूबाई होत्या तोवर त्यांचं म्हणणं, पावडर मोजून घालणारी बाई मनाने कंजूष. ऑफिसात नकाशे काढणारे आम्ही सहाजण, आणि सहाजणांची सहा मतं. एक बाई पिशवी कपातच ठेवून देतात, शेवटी दोरी दातांत येईपर्यंत. आमचे साहेब बिनसाखरेचा पितात आणि साखरवाल्यांकडे व्यसनी माणसाकडे पाहावं तसं बघतात. मी सगळ्यांच्यात बसते, ऐकते, हसते आणि माझं मत सांगत नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणते, मला कसाही चालतो. हे खोटं आहे. मला आईचा चहा हवा असतो, आणि तो मी स्वतः करते तेव्हा चौथ्या घोटाला तुमचा आठवतो. तो कोमट, किंचित खारट, फिकट. माझ्या तापात, परीक्षांत, पहिल्या नोकरीच्या आदल्या संध्याकाळी मी तोच प्यायले. सोळाव्या वर्षी तुम्ही माझ्यापुढे पहिल्यांदा कप ठेवलात तेव्हा मला माझंच औषध मिळालं होतं, आणि नाकं मुरडायची सोय नव्हती. नंतर कधीतरी, कधी ते कळलंच नाही, नाक मुरडायची इच्छा गेली.

मागच्या महिन्यात तुमची नात तुमच्याकडे आठ दिवस राहून आली. पंधरा वर्षांची आहे, पण चुलीपाशी कधी फिरकत नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मोजण्याचा आवाज. एकशे सदुसष्ट, एकशे अडुसष्ट. मी दारात जाऊन पाहते तर पातेलं टॉवेलात गुंडाळलेलं आणि ती त्याला पोटाशी धरून, डोळे मिटून, मोजतेय. मला म्हणाली, "श्श, सावकाश मोजायचं असतं. आजीने शिकवलं. हा आपल्या घरचा चहा आहे, तुला साधं एवढं येत नाही?" दोनदा गाळून तिने मला कप दिला. मी तो उभ्यानेच प्यायले. माझ्या आईचं गुळण्यांचं पाणी आणि तिची गरम पिशवी त्या कपात आहे, हे तिला कसं सांगू? ती म्हणाली, "कसा झालाय?" माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य बाहेर पडलं.

गेल्या वर्षी बाबा गेल्यावर त्यांच्या दुकानातले भागीदारकाका भेटायला आले होते, तेव्हा तुम्ही आत पाहुण्यांत होतात. ते व्हरांड्यात माझ्याजवळ बसले आणि दुकानाच्या आठवणी काढत राहिले. मध्येच म्हणाले, "तुझ्या बापाला साडेपाचला दोन ग्लास लागायचे. उकळून उकळून काळा केलेला, पाक झाल्यासारखा गोड. मी म्हणायचो, अरे, अर्ध्या तासात घरी जाणार, तिथे पी की. तर म्हणायचा, घरचा वेगळा असतो." मग जरा हसले. "एकदा मी म्हटलं, नाही आवडत तर सांगत का नाहीस? तर म्हणाला, कप अर्धा ठेवला तर थोरलीला वाटेल पकडली गेली. तिचं ती सांगेल कधीतरी." मावशी, मी त्यांच्यापुढे रडले, आणि त्यांना वाटलं, बापाच्या आठवणीने रडतेय. तेही होतंच. पण बाबा एकतीस वर्षं माझी वाट बघत रोज एक कप कोमट पाणी प्यायले, आणि मी त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आता एकच माणूस उरलंय, ज्याला सांगता येईल.

म्हणजे मला वाटत होतं की तुम्हाला सांगायचं आहे. परवापर्यंत वाटत होतं. तुम्ही बाहेर धाकटीशी बोलत होतात, "जड खोकी खाली, हलकी वर," आणि मी पावडरचं कपाट रिकामं करायला घेतलं. खरं सांगते, ते दार मी त्या दिवसानंतर स्वतः कधी उघडलं नव्हतं. पावडर हवी असली की धाकटीला पाठवायची, माहेरपणाला आले तरी तुम्हालाच म्हणायची, तुम्हीच करा. परवा उघडलं. कागद तिथेच होता, पिवळा पडलेला, एक कोपरा सुटलेला. तुमची शाई उडून तपकिरी झाली आहे, 'थोरली' तर जेमतेम वाचता येतं. पण मिठाच्या ओळीशेजारी पेन्सिलीने काढलेला एक छोटा गोल आहे. पेन्सिल उडत नाही. तो अगदी कालच काढल्यासारखा आहे. कुणी पुसलेला नाही.

 धाकटीने हाक मारली तेव्हा भानावर आले. मागे वळले तर तुम्ही दारात, त्याच दारात, पातेल्याचा अंगरखा घडी घालून हातात धरलेला. तो तुम्ही खोक्यात ठेवला नाहीत, स्वतःच्या पर्समध्ये ठेवलात. माझ्याकडे पाहिलंत, उघड्या कपाटाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "थोरले, ते दार राहू दे. इथे राहायला येणाऱ्या नव्या माणसांना लागेल." आणि मी, त्रेचाळीस वर्षांची बाई, म्हणाले, "बरं." नंतर जेवताना मी पुन्हा विषय काढला की माझ्याकडे या राहायला, मागची खोली रिकामी आहे, सकाळचं ऊन येतं. तर तुम्ही हसण्यावारी नेलंत, "तुझ्या घराची घडी बसलीय. मी आले तर सगळ्यांना माझा चहा प्यावा लागेल." धाकटी खो खो हसली. मीही हसले.

तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. औषधं मोजून देणाऱ्या बाईला मिठाचा चहा कळला नसेल, असं मी इतकी वर्षं मानलं, हा माझा मूर्खपणा. तुम्ही आयुष्यात एकच चिठ्ठी विचारल्याशिवाय दिलीत, आणि ती बत्तीस वर्षं, दिवसातून दोन वेळा देत राहिलात. गोल काढून ठेवलात, लिहिणारीने यावं आणि सांगावं म्हणून. ती आज आली आहे. मिठाची ओळ चूक आहे. सातही ओळी चूक आहेत. तुम्ही रबर घ्या आणि तो गोल पुसा. त्या जागी मी नवी चिठ्ठी देते, तीही वाचून घ्या. चहा, तुमच्या माहेरचा, निळ्या झाकणाच्या थर्मासातला. माझ्या घरी, माझ्या ओट्यावर, मागच्या खोलीतून उठून येऊन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी स्टुलावर बसून शिकेन, कागद-पेन घेऊन. किती दिवस, ते लिहिलेलं नाही, कारण त्याला मुदत नाही. मला माहीत आहे, तुम्ही नाही म्हणाल. बहिणीला शब्द दिलाय म्हणाल, या वयात हात वळत नाही म्हणाल, आणि वर एखादा विनोद कराल म्हणजे मला पुढे बोलता येऊ नये. रविवारी गाडी तुमच्या बहिणीच्याच दारात उभी राहील, हे मी धरूनच चालले आहे. तरी बदल करायचा झाला तर आधी मला विचारावं लागेल, हा नियम तुमचाच. आणि मला विचारलंत, तर मी एक अक्षरही बदलणार नाही.

तुझीच,
थोरली